माठाखालची वाळू

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला अजूनही नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कुणाच्या हाती हे पडलं तर चुकांबद्दल माफ करावं. खरं म्हणजे हे कुणी वाचावं म्हणून लिहीतच नाही. थोरले भाऊजी कन्नूरला वारले. दुखवट्याला आलेली माणसं आमच्या सोप्यात बसून एकच बोलत होती, "तात्या लय शांत माणूस. कुणाला त्रास म्हणून दिला न्हाई कधी." मी डोक्यावर पदर घेऊन आत चहा गाळत होते. मला वाटत होतं, बाहेर जाऊन सांगावं की बाबांनो, ज्या भिंतीला तुम्ही टेकून बसलाय तिला मिठाचे पोपडे कशाने आलेत ते तरी विचारा. पण चार माणसांत माझ्याच्यानं बोलणं होत नाही, आणि थोरल्या दिराविषयी तर नाहीच. म्हणून इथे लिहिते.

आता लिहितानाही ती टाकी पलीकडच्या भिंतीला गुरगुरते आहे. काचेची आहे, आमच्या पलंगाएवढी लांब. तिच्यात समुद्राचं पाणी आहे. विट्याच्या पुढे आमचं गाव, नळ कधी येईल म्हणून बायका सकाळपासून घागरी मांडून ठेवतात, आणि आमच्या घरात समुद्र. हे सगळं थोरल्या भाऊजींचं काम.

आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. रानात काही पिकत नव्हतं तेव्हा बापे बाहेर पडले आणि देशभर पांगले. सोनारांकडची मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, आणायची, भट्टीत वितळवायची, तेजाबात टाकायची. तांबं, चांदी, भेसळ, जे असेल ते तेजाब खाऊन टाकतं आणि सोनं तेवढं खाली राहतं. सोनाराच्या दुकानातली झाडलेली मातीसुद्धा ही माणसं विकत घेतात, परातीत धुतात आणि तिच्यातून सोन्याचे कण काढतात. भाऊजी मिसरूड फुटायच्या आधी केरळात गेले, कन्नूरला स्वतःचं दुकान टाकलं आणि म्हातारे होऊन परत आले. जाऊबाई लवकर गेल्या. मुलगा संजय दुकान बघायला लागला. भाऊजींच्या छातीत तेजाबाचा धूर बसलेला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, भट्टीजवळ जायचं नाही. म्हणून ते गावी आले आणि आमच्या सोप्यात, मधल्या खांबाशेजारी, खुर्ची टाकून बसले.

आमच्या घरात धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. सासूबाई गेल्या, पण सवय राहिली. मी दाराच्या चौकटीला सांगायचे, "चहा झालाय." भाऊजी कपाला सांगायचे, "साखर कमी पडलेली दिसते." मग मी चौकटीला सांगायचे, "साखर तेवढीच आहे." असे आम्ही दोघं एका घरात राहिलो. भांडणसुद्धा असंच व्हायचं. भाऊजी बोलायचे त्या खांबाशी, आणि खांबाला उत्तर देता येत नाही.

ते शांत होते हे खरं आहे. आवाज कधी चढला नाही. पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती सोडायची नाही, आणि सगळ्या गोष्टी पारखायच्या. तूप आलं की तळहातावर घेऊन बघणार. गूळ आला की पाण्यात टाकणार. हळद आली की चिमटीत चोळून दिव्याजवळ धरणार. आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य, "तेजाबात टिकलं ते खरं. बाकी सगळी पॉलिश." माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता उंब्रजला, माझ्या माहेरी. मुलाकडच्यांनी साखळी आणली होती. ती ताटातून सगळ्या बायकांत फिरून आली. भाऊजींनी ती सहज बोटात धरली, नखानं जरा खरवडली आणि शांतपणे म्हणाले, "तांबं लय हाय ह्यात." मुलाचे वडील मांडवातून उठून बाहेर गेले. माझा भाऊ त्यांच्या मागे धावला. लग्न झालं शेवटी, पण माझी बहीण माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. भाऊजी परतीच्या वाटेवर ह्यांना म्हणाले, "मी खोटं काय बोललो?" साखळीत खरंच तांबं होतं. तेच तर वाईट होतं.

समुद्राचं वेड त्यांनी तिकडूनच आणलं. दुकान बंद केलं की रोज संध्याकाळी ते खडकावर जाऊन बसायचे म्हणे. भरती ओसरली की खडकाच्या खळग्यांत पाणी राहतं आणि त्यात बोटाएवढे मासे, फुलांसारखे उघडणारे-मिटणारे जीव असतात. एवढं एकदा सांगितलं त्यांनी, पुन्हा बोलले नाहीत. मग एक दिवस मिरजेला छाती दाखवायला गेले आणि परत आले ते एका टेम्पोतून, काचेच्या टाकीसकट.

आता मला माझ्या पैशांचं सांगायला पाहिजे. मी कांदा-लसणाची चटणी करून विकते. मिरची मी घरी भाजते, पण कांडायला दुसऱ्याच्या डंकावर न्यावी लागते. उन्हाळ्यात तिथे एवढी गर्दी की डोक्यावर डबा घेऊन गेलेली बाई अर्धा दिवस तिथेच. माझं स्वतःचं कांडपयंत्र असावं म्हणून मी बचत गटात आणि चटणीच्या कमाईतून पैसे बाजूला टाकत होते. यंत्रवाल्याशी बोलणंसुद्धा झालं होतं. टाकी आली त्या दिवशी हे आत आले आणि म्हणाले, "दादाला पैसे दिले."

"कुठले?"

"तुझ्या मशिनीचे. देतोय की तो परत. आपला भाऊ हाय, पळून चाललाय व्हय?"

"मी मशीनवाल्याला काय सांगू?"

"सांग, पुढच्या सालाला."

मला विचारलं नाही, सांगितलं. मी चटणीचा खल घेतला आणि लसूण ठेचत बसले. त्या दिवशीच्या चटणीत लसूण जास्त झाला.

टाकीबरोबर मिरजेच्या दुकानदारानं वाळूचं एक पोतं दिलं होतं. नजीरभाई त्यांचं नाव. भाऊजींनी पोत्यातली चिमूटभर वाळू काचेच्या वाटीत घेतली. पांढरीशुभ्र, गोल दाण्याची, दिसायला लय सुरेख. मग ट्रंकेतून आपली जुनी तेजाबाची बाटली काढली, जिला डॉक्टरांनी हातसुद्धा लावू नका म्हणून सांगितलं होतं, आणि तोंडाला उपरणं बांधून दोन थेंब टाकले. वाळू फसाफसा फेसाळली. बघता बघता वाटीच्या तळाशी काही उरलं नाही.

"बघितलंस?" ते ह्यांना म्हणाले. "खाल्ली तेजाबानं. खोटी. मला येड्यात काढलं त्या मिरजवाल्यानं."

"मग ह्या पोत्याचं काय करायचं, दादा?"

"उकिरड्यावर ओत."

ओतायला अर्थात मलाच सांगितलं. मी पोतं परसात नेलं, पण माझा हात होईना. ती वाळू माझ्या यंत्राच्या पैशातली होती. आमच्या परसात पिण्याच्या पाण्याचे माठ ओळीनं असतात आणि खालची वाळू जुनी, काळी, मुंग्यांनी भरलेली. मी ती काढली आणि त्या जागी पांढरी वाळू पसरली. माठ तिच्यावर छान बसले. पाणी गार राहू लागलं. निदान एवढा तरी उपयोग झाला, असं मनाशी म्हटलं.

मग भाऊजी खांबाला म्हणाले, "कुणाचं उंब्रजला जाणं होणार असेल तर बरं होईल. कृष्णेची वाळू चांगली असते."

माहेरी जायचं मनात होतंच. आई म्हणाली, "पोरी, लेकी माहेराहून कुरडया-पापड नेतात. तू वाळू नेतीस?" तिला समजावून सांगणं मला जमलं नाही. भावानं नदीकाठावरून दोन पिशव्या भरून दिल्या, तेही इकडेतिकडे बघत, कारण वाळू म्हटलं की हल्ली सगळ्यांना तहसीलदार आठवतो. यष्टीत कंडक्टरनं पायाला पिशवी लागली म्हणून विचारलं, "वैनी, काय हाय ह्यात, शिसं?"

"वाळू."

"आगा बाबो. डंपर सोडून आता यष्टीनं चालू झालं व्हय?"

सगळी गाडी हसली. एक म्हातारा मागून म्हणाला, "अर्धं तिकीट लाव रं त्या पिशवीला." मी कराड जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले, आणि कराडला गाडी बदलली तेव्हा पिशव्यांवर माझी शाल टाकली.

घरी आल्यावर भाऊजींनी माझी पितळी परात घेतली, जिच्यात मी लग्नकार्याचं पीठ मळते. नळाला त्या दिवशी पाणी आलं होतं आणि ते सगळं वाळूनं प्यायलं. परात दोन्ही हातांनी धरून ते गोल फिरवायचे, जरा तिरकी करायचे, गढूळ पाणी कडेनं सोडायचे, पुन्हा पाणी. हे बघत राहावं असं होतं, मी नाही म्हणणार नाही. हात म्हातारे होते, पण परातीतलं पाणी त्यांचं ऐकत होतं. मग लोहचुंबकाला फडकं गुंडाळून वाळूत फिरवलं. काळे कण उड्या मारून चिकटले. सोन्याच्या मातीतून लोखंडाचा कीस असाच काढतात म्हणे. राहिलेल्या वाळूवर त्यांनी तेजाब टाकलं. वाळूनं हूं की चूं केलं नाही.

"ही खरी," भाऊजी म्हणाले. मग खांबाला, "काम चांगलं झालं."

मला दोन पिशव्या वाळू वाहिल्याबद्दल एवढंच मिळालं.

टाकी भरली. मासे आले, नारिंगी पट्ट्याचे. दगडावर चिकटलेली मऊ पोवळी आली, कोटाच्या बटणाएवढी, हिरवी, मध्ये केशरी. दगडासारखी कडक पोवळी घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून नजीरभाई ही मऊच देतात. आम्ही त्यांना फुलं म्हणायचो. भाऊजी दर वेळी सांगायचे, "फुलं न्हाईत, जीव हाईत." आणि त्या जिवांपायी आमचे जीव मेटाकुटीला आले. टाकीला नळाचं पाणी चालत नव्हतं, गावच्या फिल्टरचं लागायचं, त्यात नजीरभाईंकडचं मीठ कालवून समुद्र करायचा. मी कॅन घेऊन रांगेत उभी राहिले की बायका म्हणायच्या, "शालन, मासं मिनरल पितात व्हय गं तुमचं? आमच्या म्हातारीला न्हाई मिळत." दुपारी लाइट गेली की पंप बंद. मग मी हातातलं काम टाकून तांब्यानं टाकीतलं पाणी उचलायचं आणि वरून ओतायचं, माशांना हवा मिळावी म्हणून. भाऊजी खुर्चीतून सांगायचे, "जरा उंचावरनं." मिठाचं पाणी उडून माझ्या ट्रंकेची कडी गंजली. भिंतीचं तर सांगितलंच.

आणि एवढं करून थोड्याच दिवसांत सगळं बिघडत गेलं. वाळूवर तपकिरी साय धरली. भाऊजींनी ती काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. काचेवर आली. फुलं मिटली ती उघडेनात, मुठी आवळून बसल्यासारखी. टाकीतल्या गोगलगाईचा शंख पांढरा पडून खरवडल्यासारखा दिसायला लागला. एक मासा मेला.

भाऊजींनी मीठ बदललं. दिवा बदलला. माझ्या यंत्राचे उरलेसुरले पैसे त्या दिव्यात गेले. मग ते खांबाला म्हणाले, "मिरचीचा खकाणा पाण्यात उतरतोय. घरात मिरची भाजणं बंद झालं पाहिजे."

मी चौकटीला म्हणाले, "चटणीच्या ऑर्डरी आहेत."

"बाहेर भाजावी."

म्हणून मी रानाच्या बांधावर चूल मांडली. वारं सुटलं, जाळ कधी इकडे कधी तिकडे, आणि एक घाणा पुरता करपला. एका लग्नघरची ऑर्डर होती ती. त्यांना मी परत सगळं करून दिलं, पदरचं घालून. यंत्र राहिलं बाजूला, आता होता तो धंदाही बसतो की काय अशी वेळ आली. रात्री ह्यांना म्हणाले, "तुमच्या भावाला विचारा, ह्या घरात मी राहायचं का माशांनी." हे म्हणाले, "दादा लय शांत माणूस हाय. सांगून बघतो." सांगितलं नाही.

मग भाऊजींची छाती दाखवायची वेळ आली आणि ह्यांना सुटी नव्हती, म्हणून मिरजेला मी बरोबर गेले. दवाखान्यातून निघाल्यावर ते सरळ नजीरभाईंच्या दुकानात शिरले. मागोमाग मी. नजीरभाईंच्या घरचे बाकीचे लोक तंबोरे बनवतात, त्यामुळे दुकानाच्या आढ्याला वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले आणि खाली माशांच्या टाक्या. मी दाराजवळ एका भोपळ्याखाली उभी राहिले.

भाऊजींनी सगळी तक्रार सांगितली. नजीरभाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाळू कुठली हाय टाकीत?"

"कृष्णेची."

"आणि मी दिलेली?"

"ती खोटी निघाली. तेजाब टाकलं, सगळी फसफसून गेली."

नजीरभाईंच्या हातात मासे धरायची जाळी होती, ती त्यांनी खाली ठेवली. "तात्या, ती फसफसते म्हणून तर दिली तुमाला."

"म्हंजे?"

"ती वाळू न्हाईच तशी. पोवळ्यांचा, शिंपल्यांचा चुरा हाय. चुन्याचा. टाकीतलं पाणी माशांच्या घाणीनं हळूहळू आंबत जातं, दूध आंबतं तसं. ही वाळू जराजरा विरघळत राहते आणि पाण्याला आंबू देत न्हाई. गोगलगाय शंख बांधते तो चुनापण त्यातनंच घेती. तुमची नदीची वाळू घट्ट. ती पाण्याला काय देणार? वर तपकिरी शेवाळ तेवढं धरणार."

"म्हंजे जी टिकली ती खोटी, आणि जी विरघळली ती खरी?"

"सोन्यानं टिकावं, तात्या. ह्या वाळूनं झिजायचं असतं."

"माझा जन्म गेला तेजाबात, नजीरभाई."

"म्हणूनच चुकलात. दुसऱ्या कुणी तेजाब टाकलंच नसतं. पोतं फोडलं असतं आणि ओतलं असतं."

भाऊजींचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. माणसाचं दुकान लुटून नेलं तर होईल तसा झाला होता. पण क्षणभरच. लगेच खिशात हात घालून ते म्हणाले, "दुसरं पोतं द्या. हिशेब मागनं करू."

"महाग झालंय आता ते. पहिलं कुठं गेलं?"

"उकिरड्यावर."

मला दिसायला लागलं, आणखी एक पोतं, म्हणजे आणखी एक साल, आणि मी तोपर्यंत बांधावर मिरच्या करपवत बसणार. परक्या माणसासमोर, परक्या गावात, माझ्या तोंडून शब्द निघणं अवघड. मी मान वर केली आणि त्या टांगलेल्या भोपळ्याला सांगितलं, "माठाखाली आहे."

दोघंही वळले. भाऊजींनीही भोपळ्याकडेच बघितलं. "काय माठाखाली?"

"पांढरी वाळू. सगळी."

नजीरभाई हसायला लागले. "तात्या, भावजयीनं वाचवलं तुमाला."

"वाचवलं कुठलं," भाऊजी म्हणाले. "उकिरड्यावर ओत म्हटलेलं ऐकलं न्हाई."

माणूस असा होता. ह्याला शांत म्हणायचं असेल तर म्हणा.

निघताना नजीरभाईंनी बजावलं होतं, पिठासारखी बारीक वाळू टाकू नका, पंप लागला की उडते आणि फुलांवर बसते. खडीसारखी जाडही नको, माशांचं खाणं फटीत जाऊन कुजतं. साखरेच्या दाण्याएवढी ठेवा. भाऊजींनी लगेच विचारलं, "कुठली साखर? बारीक का मोठी?" नजीरभाई म्हणाले, "तात्या, आता घरी जावा."

मग घरात दोन्ही साखरा आणून झाल्या. दोन वाट्यांत साखर, तिसऱ्या वाटीत वाळू, आणि भाऊजी तिन्ही चिमटीत चोळून बघताहेत. माझी पिठाची चाळण गेली, रव्याची गेली, पुरणाची गेली. माठ सगळे अंगणात उघड्यावर. त्या दिवसांत आमच्या भाकरीत कचकच लागायची. हे जेवताना थांबले की भाऊजी म्हणायचे, "चुनाच हाय. हाडांना बरा." मला मात्र एका कामाला लावलं. चाळून झालेली वाळू ते ताटात माझ्यापुढे सरकवायचे आणि खांबाला विचारायचे, "रवा वाटतो का भरडा?" मी डोळे मिटून बोटांत चोळायचे आणि चौकटीला सांगायचे. भरडा म्हटलं की परत चाळण. रवा म्हटलं की बाजूला. एकदा मी वैतागून म्हणाले, "वाळू वाटते." भाऊजी हसल्यासारखे वाटले, पण खोकला होता तो बहुतेक.

कृष्णेची वाळू काढून पांढरी घातली, दोन पेरांएवढा थर, आणि उरलेली मी परत माठांखाली पसरली. टाकी ताकासारखी झाली आणि भाऊजी तिच्यासमोर बसून राहिले. पाणी निवळलं. तपकिरी साय विरळ होत गेली. मग एके दिवशी दुपारी ते खुर्चीत डुलकी घेत होते, मी झाडत होते, आणि मला ते दिसलं. दगडाच्या कडेचं एक फूल उघडलं होतं. हिरवं, मध्ये केशरी, आणि कडेनं बारीक केस पाण्यात हलत होते.

मी चौकटीशी जाऊन म्हणाले, "उघडलंय."

भाऊजी जागे झाले, टाकीशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मिरची भाजायला घरात परवानगी मिळाली. तोंडानं कुणी दिली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझी चूल बांधावरून परत आणून ठेवलेली होती.

पैशांचं मात्र "देतो की" एवढंच चालू होतं. आणि तेवढ्यात संजयचा फोन आला. दुकानात कारागीर टिकत नव्हते, मोड भट्टीत जळत होती. डॉक्टरांनी नको म्हटलं, ह्यांनी नको म्हटलं. भाऊजी म्हणाले, "नुसतं खुर्चीवर बसून सांगायचं. भट्टीला हात लावणार न्हाई." हे खोटं आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. खांबालाही कळलं असेल.

त्यांना घालवायला मिरजेच्या स्टेशनावर गेलो. हे पाण्याची बाटली आणायला गेले आणि फलाटावर आम्ही दोघंच राहिलो, मध्ये त्यांची ट्रंक. भाऊजी ट्रंकेला म्हणाले, "पैसे राहिले."

मी ट्रंकेची कडी नीट लावली.

"टाकी गहाण ठेवून चाललोय. नजीरभाईशी बोललोय मी. ती फुलं वाढतात, कापून दुसऱ्या दगडावर लावली की धरतात. तो घेईल विकत. पैसे फिटेपर्यंत टाकी तुझी."

गहाण म्हशीला निदान दूध असतं. मी ट्रंकेला म्हणाले, "मला नाही जमायचं."

"वाळू निवडायला जमलं," भाऊजी म्हणाले.

गाडी आली. ह्यांनी ट्रंक चढवली. भाऊजी खिडकीशी बसले, रुमालानं तोंड पुसलं, आणि गाडी हलली तरी आमच्याकडे न बघता ह्यांना सांगत होते, "लाइट गेली तर उंचावरनं ओतायला सांग."

त्यानंतर ते गावी आले नाहीत.

मी शिकले, दुसरं काय करणार? त्या फुलांच्या रसात विष असतं, म्हणून हातमोजे घालून, डोळ्यांना चष्मा लावून मी ती कापायचे, दगडाच्या तुकड्यावर चिकटवायचे, धरली की डब्यात घालून यष्टीनं मिरजेला. मांडीवर समुद्राचं पाणी सांभाळत बसलेली बाई बघून कंडक्टर विचारायचे, आणि मी आता सांगायचे नाही. नजीरभाई त्या भोपळ्याखाली उभं राहून पैसे द्यायचे, थोडे थोडे. मी ते चटणीच्या पैशांत मिसळू दिले नाहीत.

भाऊजी ह्यांच्या फोनवर व्हिडिओ लावायचे. आम्ही कसे आहोत विचारायचे नाहीत. "फोन टाकीला लाव. जरा खाली घे. वाळू दाखव." मागे भट्टीचा आवाज यायचा आणि मध्ये मध्ये खोकला. हे म्हणायचे, "दादा, भट्टीजवळ हाईस तू?" ते म्हणायचे, "तिकडं कोपऱ्यात वाळू उघडी पडलीया बघ."

नजीरभाईंनी शेवटचे पैसे दिले त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा हे फोनवरच होते. भाऊजी दुकानात नव्हते, खडकावर बसले होते. गालफडं बसलेली, मागे पाणी उसळत होतं आणि एका वाक्यात दोनदा दम लागत होता. ह्यांनी फोन टाकीकडे वळवला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्याकडे वळवला. पदर सावरायचा राहून गेला.

"पैसे फिटले," मी म्हणाले. चौकटीला नाही, त्यांना.

भाऊजी दचकले. मग बघत राहिले. "समदे?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली. लाट फुटली तिचा आवाज आला. "बरं झालं. म्हंजे टाकी सुटली. आता ती परत माझी." थोडं थांबून, दम घेऊन, "कडेला वाळू झिजलीया. मूठभर घाल वरनं."

आणि फोन ठेवला. तेच त्यांचं शेवटचं दिसणं.

मी पैसे यंत्राच्या डब्यात ठेवले, झाकण घट्ट लावलं, आणि परसात जाऊन माठ उचलला.